अक्कलदाढ काढून तीन आठवडे झाले, ओठ अजून बधिर आहे आणि आता चटके बसतात. नस कायमची गेली का?

तुमचा धसका मला कळतो, कारण माझी खालची दाढ काढल्यावर माझंही हेच झालं होतं. पूर्ण बधिर भागात मुंग्या, बारीक चटके सुरू होणं हे बहुतेकदा नस जागी होत असल्याचं लक्षण असतं. तीन आठवड्यांत ती कायमची गेली असं कुणीच म्हणू शकत नाही.

जबड्याच्या हाडात एक अरुंद नळी असते. तिच्यातली नस खालचे दात, ओठ आणि हनुवटीची संवेदना वाहून नेते. दाढेची मुळं कधीकधी या नळीला टेकलेली असतात आणि दाढ काढताना नस दबते किंवा ताणली जाते. क्वचित तुटते. दबलेली नस सावरायला आठवडे, कधी महिने घेते. जीभ बधिर असेल तर ती नस वेगळी, तेव्हा चवही जाऊ शकते.

माझ्या हनुवटीवरून पाणी ओघळायचं आणि शर्ट भिजल्यावर मला कळायचं. ओठ चावला गेलाय हे रक्त दिसल्यावर समजायचं. म्हणून गरम काही पिताना आधी चांगल्या बाजूने अंदाज घ्या, हे कळकळीने सांगतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एक साधं काम. आरशासमोर कापसाचा बोळा गालावरून हनुवटीकडे न्यायचा, स्पर्श लागेनासा झाला की तिथे पेनने ठिपका द्यायचा, सगळीकडून ठिपके झाले की फोटो काढायचा. दर रविवारी. रोज चाचपून मन घाबरतं, फरक मात्र कळत नाही. सहाव्या आठवड्याच्या फोटोत माझी रेघ ओठाच्या कोपऱ्यापासून नखभर आत सरकली होती. तो फोटो मी कितीदा पाहिला असेन!

पण 'होईल बरं' म्हणत वर्ष घालवू नका. दोन-तीन महिन्यांत रेघ जराही हलली नाही, किंवा आग वाढतच गेली, तर जबड्याच्या सर्जनकडे जा. नस दुरुस्त करायची वेळ आलीच, तर सुरुवातीच्या महिन्यांत जास्त यश येतं. नसेच्या आगीवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत; गॅबापेंटिन, प्रीगाबालिनसारखी औषधं असतात, ती डॉक्टरांनीच ठरवावीत.

उद्याच दाढ काढलेल्या डॉक्टरांना भेटा. बधिर भाग तपासून केसपेपरवर नोंदवायला सांगा आणि दाढ काढण्याआधीच्या एक्स-रेची प्रत मागून घ्या.