रेस्टिगूश नदीवरील सॅल्मन : वाचकांचे प्रश्न

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील रेस्टिगूश नदीवर फ्लायने, म्हणजे पिसे, केस आणि रेशमी धागा गळावर बांधून केलेल्या कृत्रिम माशीने, अटलांटिक सॅल्मन धरण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कॅनडात स्थायिक झालेल्या माझ्या मेव्हण्यांनी आम्हा पतिपत्नींना रेस्टिगूशवरील शंभर वर्षांहून जुन्या लॉजमध्ये चार दिवस मासेमारीसाठी येण्याचा आग्रह केला आहे. माणशी खर्चाचा आकडा ऐकून मी थक्क झालो. त्यातच, धरलेला प्रत्येक सॅल्मन तेथे जिवंत सोडून द्यावा लागतो असेही ते सांगतात. मासा हाती ठेवायचा नसेल, तर एवढे पैसे नेमके कशाचे?

उत्तर : पाण्याचे. पैसे पाण्यात गेले असे म्हणण्यापूर्वी हे पाणी खासगी कसे झाले, एवढे मात्र पाहून घ्यावे, कारण लॉजच्या दरपत्रकाचे मूळ तेथेच आहे.

रेस्टिगूश ही वायव्य न्यू ब्रन्सविकमधील डोंगराळ, जंगली प्रदेशातून येऊन शालर उपसागराला मिळणारी सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची नदी असून, खालच्या भागात तिचे पात्र न्यू ब्रन्सविक आणि क्वेबेक या प्रांतांची सीमा ठरते. १८७६ मध्ये इंटरकलोनियल रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि मातापेडिया नदी जेथे रेस्टिगूशला मिळते त्या गावापर्यंत दूरच्या शहरांतील धनिकांना आगगाडीने येणे सोपे झाले. १८८० मध्ये रेस्टिगूश सॅल्मन क्लबची स्थापना झाली आणि त्याच्या सभासदांत न्यूयॉर्कच्या उद्योगपतींचा भरणा होता. विल्यम व्हँडरबिल्ट यांच्यासाठी केजविक लॉजचा आराखडा करणारे स्टॅनफर्ड व्हाइट हे त्या काळातील अमेरिकेतील आघाडीचे वास्तुरचनाकार होते. जंगलातील मासेमारीच्या मुक्कामासाठी असा माणूस नेमला जात असे, यावरून या नदीवर येणाऱ्यांच्या ऐपतीची कल्पना यावी.

मालकीचा प्रश्न १८८२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केंद्र सरकारने याच प्रांतातील मिरामिशी नदीचा एक टप्पा मासेमारीसाठी भाडेपट्ट्याने दिला होता आणि काठाच्या जमीनमालकांशी त्यावरून वाद झाला होता. जेथे भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा नदीत मासे धरण्याचा हक्क तळाच्या जमिनीबरोबर जातो, केंद्र सरकार मासेमारीचे नियम करू शकते पण दुसऱ्याच्या मालकीचा हक्क तिसऱ्याला भाड्याने देऊ शकत नाही, असा ‘द क्वीन विरुद्ध रॉबर्टसन’ या खटल्यातील निकालाचा आशय होता. तळाची मालकी काठच्या जमिनीबरोबर येत असल्याने साहजिकच काठची शेतजमीन विकत घेणे हाच नदी विकत घेण्याचा मार्ग झाला आणि क्लबांनी तो मनापासून अवलंबिला. आजही रेस्टिगूशच्या कित्येक उत्तम डोहांवर खासगी हक्क आहेत; काही टप्पे प्रांत सरकार भाडेपट्ट्याने देते, तर काही टप्पे केवळ न्यू ब्रन्सविकच्या रहिवाशांसाठी राखून सोडतीने वाटते.

म्हणून लॉज निवडताना शेकोटी, लाकडी ओसरी आणि भिंतीवर टांगलेल्या जुन्या मोठ्या माशांच्या लाकडी आकृत्या पाहून भुलू नये. लॉजकडे किती डोह आहेत, त्यावर एका वेळी किती काठ्या, म्हणजे किती जण, मासेमारी करतात, आणि एका गाइडमागे किती पाहुणे असतात, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. सकाळपासून कोणाची होडी न गेलेल्या डोहात पहिला फ्लाय आपला पडणे, एवढ्याच गोष्टीला खरी किंमत आहे. लॉजचे जुनेपण तेवढ्यापुरते उपयोगी, कारण सर्वांत आधी आलेल्यांनी सर्वांत चांगले पाणी घेतले. खर्च झेपत नसेल, तर शेजारच्या क्वेबेकमधील मातापेडिया नदीवर दिवसाचे शुल्क भरून कोणालाही जाता येईल असे टप्पे आहेत. तेथे गर्दी असते, पण मासा त्याच जातीचा असतो.

प्रश्न : समुद्रातून नदीत परतलेला सॅल्मन काहीच खात नाही असे वाचले. मग तो फ्लाय का पकडतो? यात काही तर्क आहे की केवळ नशीब?

उत्तर : तो खात नाही हे खरे आहे. रेस्टिगूशचा सॅल्मन शरद ऋतूत रेताड खडीत घातलेल्या अंड्यातून जन्मतो, नदीत दोन ते चार वर्षे बोटभर आकाराचे, अंगावर आडवे पट्टे असलेले पिल्लू म्हणून वाढतो, मग चंदेरी होऊन समुद्रात उतरतो आणि लॅब्राडोर व ग्रीनलंडच्या बाजूच्या थंड पाण्यात खाऊन काही किलोंचा होतो. एका हिवाळ्यानंतर परतणारे मासे लहान असतात. येथील नियमांत ६३ सेंटिमीटरच्या आतील मासा या गटात मोडतो. दोन किंवा अधिक हिवाळे समुद्रात काढलेले मोठे मासे ही रेस्टिगूशची खरी ख्याती असून दहा किलोंचा मासा तेथे नवलाचा नसतो. जन्माच्या नदीचा वास ओळखून तो आत शिरतो तेव्हा अंगातील चरबीवरच पुढचे सारे महिने काढायचे असतात. पोट आक्रसते, भूक थांबते. पॅसिफिक महासागरातील सॅल्मनप्रमाणे तो अंडी घातल्यानंतर हटकून मरत नाही. काही मासे बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात समुद्राकडे परततात आणि पुन्हा येतात.

न खाणारा मासा फ्लाय का धरतो याबद्दल जाणकारांत एकमत नाही. पिल्लू असताना वाहत्या पाण्यातील किडे टिपण्याची सवय जागी होते, असे काहींचे म्हणणे आहे. आपल्या जागेवर कोणी आल्याची चीड येते, असे इतरांना वाटते. मला दोन्ही कारणे एकाच माशाला वेगवेगळ्या वेळी लागू पडत असावीत असे वाटते. व्यवहारात मात्र तर्काला भरपूर वाव आहे. नदीत नुकताच आलेला मासा फ्लाय अधिक सहज घेतो, आठवडेन्‌आठवडे एकाच डोहात पडून राहिलेला मासा दुर्लक्ष करतो. पावसाने पाणी चढून पुन्हा उतरू लागले की मासे हलतात आणि संधी वाढते. फ्लाय प्रवाहात किती वेगाने आडवा सरकतो हे त्याच्या रंगापेक्षा बहुधा अधिक महत्त्वाचे ठरते, जरी संध्याकाळच्या गप्पा रंगतात त्या रंगावरच. रस्टी रॅट आणि ग्रीन हायलँडर हे या नदीवरचे जुने, मानाचे फ्लाय. पाणी उतरून स्वच्छ झाले की हरणाच्या केसांचा तरंगणारा बॉम्बर वापरतात. मासा फ्लायकडे येऊन न घेता परतला, तर लगेच पुन्हा फेकू नये. थोडे थांबून लहान आकाराचा फ्लाय लावावा. तोच मासा पुन्हा येण्याचा संभव चांगला असतो.

प्रश्न : परवाना, गाइड आणि साहित्य यांची व्यवस्था स्वतः करावी लागते का?

उत्तर : प्रांताबाहेरच्या व्यक्तीला न्यू ब्रन्सविकमध्ये सॅल्मनचा परवाना तर लागतोच, शिवाय परवानाधारक गाइड बरोबर असणे बंधनकारक आहे. चांगला लॉज या दोन्ही गोष्टी पाहतो. सॅल्मनच्या नद्यांवर केवळ फ्लायच चालतो, त्याला वजन जोडता येत नाही आणि गळाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला असावा लागतो. आठ किंवा नऊ क्रमांकाची (हा क्रमांक दोरीच्या वजनाचा) एकहाती काठी, तरंगणारी दोरी आणि पुरेशी राखीव दोरी मावेल असे रीळ एवढे पुरते. दोन्ही हातांनी फेकायची बारा-चौदा फुटी काठी मोठ्या पाण्यावर सुखाची, पण नवख्याने केवळ ऐटीसाठी ती विकत घेऊ नये. बहुतेक लॉजमध्ये साहित्य मागितल्यास मिळते.

प्रश्न : मासा खायचाही नाही, विकायचाही नाही; केवळ आपल्या करमणुकीसाठी त्याला गळाला लावून दमवायचे आणि ‘सोडून दिला’ म्हणून समाधान मानायचे, ही भूतदया आहे की ढोंग? सोडलेला मासा खरोखर जगतो का?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकणारे उत्तर मी देणार नाही. माशाला त्रास होतो. सोडलेल्यांपैकी काही मासे मरतातही. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी न जाणेच योग्य, आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी हा त्रास कशाने कमी होतो ते निघण्यापूर्वी शिकून घेणे हे त्यांचे किमान कर्तव्य आहे.

नियमाची पार्श्वभूमी अशी. सॅल्मनची घसरण पाहून १९८४ मध्ये न्यू ब्रन्सविकमधील व्यापारी सॅल्मन मासेमारी बंद झाली आणि हौशी मासेमारांवर मोठे मासे सोडण्याचे बंधन आले. मोठ्या माद्यांकडे अंड्यांचा साठा सर्वाधिक असतो, दर किलो वजनामागे साधारण दीड हजार अंडी, त्यामुळे दहा किलोंची एक मादी वाचवणे हे लहान माशांची रास वाचवण्याइतके मोलाचे आहे. २०१५ पासून लहान मासेही ठेवता येत नाहीत. दिवसाला किती मासे धरून सोडायचे यालाही मर्यादा असून ती पूर्ण होताच काठी आवरावी लागते.

थंड पाण्यात, झटपट आणि नीट सोडलेले बहुतांश मासे जगतात. सारा भर ‘थंड’ आणि ‘झटपट’ या दोन शब्दांवर आहे. झुंजताना माशाच्या स्नायूंत आम्ल साठते आणि ते निचरण्यासाठी प्राणवायू लागतो. पाणी जितके कोमट तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, म्हणून २० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेल्या पाण्यात दमलेला मासा पोहत निघून गेला तरी पुढे मरू शकतो. उष्ण उन्हाळ्यात मत्स्यविभाग थंड झऱ्यांच्या मुखाशी मासे गोळा होतात ते डोह बंद करतो, किंवा मासेमारी सकाळपुरती ठेवतो. नियम लागू झाला नसला तरी पाण्यात तापमापक बुडवून पाहणारा आणि वेळ पडल्यास ‘आज दुपारी नको’ असे म्हणणारा गाइड हाच विश्वासाचा, मग पाहुणा कितीही नाराज होवो.

दोरीच्या टोकाला जोडून ज्याला फ्लाय बांधतात तो धागा पुरेसा मजबूत असावा. नाजूक धाग्याने मासा तासभर खेळवण्यात कौशल्य दिसते असे काहींना वाटते, प्रत्यक्षात तो क्रूरपणा आहे. गाठी नसलेल्या मऊ जाळीत मासा पाण्यातच ठेवावा. कल्ल्यांचे नाजूक पडदे हवेत एकमेकांना चिकटतात आणि मासा गुदमरतो, त्यामुळे छातीशी धरून काढलेले छायाचित्र ही त्याच्यासाठी सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे. हात ओले करून एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पोटाखाली ठेवावा, गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता धागा कापावा, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः सुटेपर्यंत आधार द्यावा. त्याला मागेपुढे हलवू नये.

प्रश्न : क्लबांच्या आधी ही नदी कोणाची होती? लॉजच्या इतिहासात तो भाग कोठेच सापडत नाही.

उत्तर : नदीच्या मुखाशी, क्वेबेकच्या बाजूला, लिस्टुगुज हे मिगमाक लोकांचे गाव आहे आणि सॅल्मन हे त्यांचे अन्न क्लबांच्या कितीतरी आधीपासून आहे. वरच्या डोहांवर क्लबांची मालकी पक्की होत गेली तसतशी खालच्या बाजूच्या जाळ्यांवर बंधने वाढली. जून १९८१ मध्ये क्वेबेक प्रांताच्या पोलिसांनी ११ आणि २० तारखेला या गावावर धाडी घातल्या, जाळी जप्त केली आणि लोकांना अटक केली. अन्नासाठी मासे धरण्याचा मूळ रहिवाशांचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या स्पॅरो खटल्यात घटनात्मक मानला, आणि पुढे लिस्टुगुजने मासेमारीचा आपला स्वतःचा कायदा करून त्याच्या अंमलबजावणीसाठी रक्षक नेमले. जाळ्यांमुळे मासे कमी झाले असे एखाद्या पाहुण्याने लॉजच्या जेवणघरात म्हटले, तर १९८४ पर्यंत चाललेली व्यापारी मासेमारी आणि तापत चाललेला समुद्र यांची आठवण त्याला अवश्य करून द्यावी.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि काठी कधी हातात धरलेली नाही. यजमानांच्या गळ्यातील लोढणे न होता मी या सहलीला जाऊ शकते का?

उत्तर : निःसंकोच जावे. सॅल्मनच्या अन्य नद्यांवर कमरेएवढ्या पाण्यात उतरावे लागते, पण रेस्टिगूशची रीत वेगळी आहे. येथे वीस-पंचवीस फूट लांबीच्या रुंद कॅनूमधून मासेमारी होते. गाइड डोहाच्या वरच्या टोकाला नांगर टाकतो. आपण बसल्या जागेवरून आधी जवळ, मग हातभर दोरी वाढवत दोन्ही बाजूंना फ्लाय फेकायचा. आवाक्यातील पाणी संपले की तो नांगर उचलून होडी थोडी खाली सरकवतो आणि पुन्हा तेच. दूरवर फेकता येण्याची गरज फारशी पडत नाही, कारण होडीच माशाजवळ नेली जाते. जीवनरक्षक जाकीट मात्र अंगातून काढू नये. जाण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर गळ न लावता दोरी फेकण्याचा सराव केला, तर पहिला दिवस दोरीचा गुंता सोडवण्यात जाणार नाही. निवडीला वाव असल्यास जूनचा उत्तरार्ध किंवा जुलैचा प्रारंभ मागावा, कारण तेव्हा मोठे, ताजे मासे वर चढत असतात आणि पाणी अजून थंड असते. त्या दिवसांत चावणाऱ्या काळ्या माश्यांचा उपद्रव असतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी बरोबर ठेवावी. चार दिवसांत एकही मासा लागला नाही, तरी गाइडचा मेहनताना आणि बक्षिसी यांत हात आखडता घेऊ नये. अशा दिवशी त्याचे काम दुप्पट झालेले असते.