कॉफी दळायला मिक्सर पुरे, की वेगळा ग्राइंडर घ्यायचा?

प्रश्न: आम्हा दोघांना रोज सकाळी फिल्टर कॉफी लागते आणि मुलगी पुण्याहून आली की तिचा फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं भांडं) बाहेर निघतो. मी चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया आणते आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवते, पण चव एक दिवस कडू, एक दिवस पाणचट, वर जिऱ्याचा वास. दीर बोटीवर असतात, अमेरिकेतून इलेक्ट्रिक ग्राइंडर आणतो म्हणतायत. आणायला सांगू? की इथेच सहा-सात हजारांत काही बरं मिळेल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: दिरांना आजच नको म्हणून कळवा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची, त्यामुळे ती मोटर इथल्या प्लगात सरळ घातली की जळालीच म्हणून समजा. व्होल्ट कमी करणारा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण दोन कप कॉफीसाठी तो जड डबा ओट्यावर कोण ठेवणार, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठे नेणार?

बिया चांगल्याच असतील हो, गोंधळ मिक्सरचा आहे. त्याचं पातं बिया दळत नाही, आपटून फोडतं. एकदा चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून बघाच, थोडं पीठ दिसेल आणि त्यातच रव्याहून जाड तुकडे. पिठातून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून धड काही उतरतच नाही, आणि रोज हे प्रमाण बदलतं म्हणून चवही बदलते.

तुम्हाला बर ग्राइंडर हवा. त्यात दोन दातेरी चकत्यांमधून (त्यांनाच बर म्हणतात) बी जाते आणि चकत्यांमधलं अंतर तुम्ही ठरवता. तुमच्या बजेटात हाताने फिरवायचा, स्टीलच्या बरचा घ्या, टाइममोर कंपनीचा वगैरे. मी तर म्हणेन दोन माणसांच्या घरात इलेक्ट्रिकची गरजच नाही, आणि पावसात लाइट गेली तरी कॉफी अडत नाही हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एकदम स्वस्तातले सिरेमिकवाले घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच ग्राइंडरांचा दांडा आत डगमगतो आणि फ्रेंच प्रेससाठी जाडसर दळताना तेच पीठ-तुकडे परत सुरू.

सेटिंग असं लावा. बर पूर्ण आवळा, हँडल अडकलं की तो शून्य, तिथून क्लिक मोजत सैल करत जा. फिल्टरला बारीक लागते, पण डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, खाली उतरायचंच थांबलं तर दोन क्लिक जाड करा, भराभर गळून पातळ झालं तर बारीक. फ्रेंच प्रेसला चांगली जाड. दोन्ही आकडे डब्यावर लिहून ठेवा, मुलगी गेल्यावर कुणाला आठवत नाहीत!

जून ते सप्टेंबर मात्र जपा. आपल्या दमट हवेत बिया पटकन मऊ पडतात आणि पूड बरला चिकटून बसते, म्हणून एका वेळी पाव किलोच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, रोज फ्रिजमधून आत-बाहेर करू नका, बियांवर पाणी सुटतं. ग्राइंडर ब्रशने झाडायचा, स्टीलचे बर धुवायचे नाहीत, गंजतात. आणि तुम्ही चिकोरी घालत असाल तर तिची पूड वेगळी आणून कॉफी दळल्यावर मिसळा, ग्राइंडरात टाकू नका.