कादंबरी एका बैठकीत, आत्मकथन दहा पानांनी

वाचायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंस. आधी विकत घेऊ नकोस. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, तिथे सभासद हो.

पहिली कादंबरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घे. १९३९ सालची, अगदी छोटी. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. एका बैठकीत संपते. पण लगेच दुसरं पुस्तक उघडू नकोस, दोन दिवस ती मनात राहू दे. मी उघडलं होतं. त्या दुसऱ्या पुस्तकातलं मला आज काहीही आठवत नाही.

मग दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८ सालचं. ते आत्मकथन आहे, ‘पुढे काय’ म्हणून पळत वाचायचं नाही. इथलं प्रत्येक पान कुणीतरी भोगलेलं आहे. रोज दहाच पानं वाच.

इतिहास, विज्ञान यांत मात्र अनुक्रमणिका पाहून हवं ते प्रकरण आधी वाचलंस तरी चालेल. रहस्यकथांना हलकं मानू नकोस, मला वाचनाची बैठक त्यांनीच दिली.

अप्पा बळवंत चौकात जायचं ते पुन्हा वाचावंसं वाटलेलं पुस्तक घ्यायला. शनिवारी ग्रंथालयात भेटलास की ‘रणांगण’मध्ये कुठे थांबावंसं वाटलं, ते सांग.