गेमबॉय मेला नाही बे, सेलची पत्री घाण झालीय

तुझा गेमबॉय, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, चालू होत नाही ना? त्याच्या १९८९च्या पहिल्या मॉडेलला ४ पेन्सिल सेल लागतात, एकामागोमाग जोडलेले. एक स्प्रिंग जरी रुसली तरी सगळं ठप्प. पत्रीवर, म्हणजे सेल टेकतात त्या धातूच्या पट्टीवर, दिसणारा हिरवट-पांढरा थर म्हणजे गळलेल्या सेलचा क्षार. सेल काढ, इअरबडवर थेंबभर व्हिनेगर घेऊन घास. नसेल तर लिंबू. जरा फसफसेल, घाबरू नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने (चटकन उडून जाणारं, साफसफाईचं) पुसून वाळव. आपल्या सोलापुरात वाळायला कितीसा वेळ? पण थेट उन्हात ठेवशील तर स्क्रीन जाईल. पॉलिश पेपर अजिबात नको! मी मारला होता. निकेलचा मुलामा उडाला, पुढच्या पावसाळ्यात पत्री तांबडी. शेवटी स्प्रिंग नखाने किंचित पुढे ओढ. सेल टाकल्यावर तरी स्क्रीनशेजारचा लाल दिवा लुकलुकला, तर सेल काढून चालू-बंदचं बटण वीसेक वेळा सरकव. कचरा तिथंही बसतो.