जुन्या रेझरचा मुलामा

प्रश्न : आजोबांचा पितळी, निकेलचा मुलामा असलेला सेफ्टी रेझर आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढलेत. चिंचेने घासू का? – एक वाचक, लातूर

उत्तर : चिंच, राख, टूथपेस्ट काहीच नको. मुलामा फार पातळ असतो. एकदा पितळ उघडं पडलं की पुन्हा मुलामाच द्यावा लागतो. आधी ब्लेड काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून अर्धा तास भिजवा. मऊ ब्रश फिरवा. दांड्याच्या खाचांतला साबण लाकडी टूथपिकने काढा. तरी क्षार राहिले, तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी कापसाने दोनच मिनिटं लावून लगेच धुवा. जास्त वेळ ठेवल्यास निकेल निस्तेज होतं. (सोनेरी मुलाम्याला व्हिनेगर लावूच नका.) शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या, नाहीतर तेच डाग परत. कोरडा पुसून आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या.