जुन्या टू-इन-वनमध्ये कॅसेट हळू चालते आणि टेप अडकते. बेल्ट घरी बदलता येईल का, माप कोणते घ्यावे? दुकानदार म्हणतो, मोटरचा स्पीड वाढवला की काम होईल.

दुकानदाराला मशीन देऊ नका. बाकीचे नंतर वाचलेत तरी चालेल.

बेल्ट सैल झाला म्हणून मोटरचा प्रिसेट, म्हणजे तिचा वेग ठरवणारा बारीक स्क्रू, फिरवणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे आणि त्यावर माझे अनेकांशी वाजलेले आहे. त्यांचे म्हणणे, ‘गाणे सुरात आले ना, मग झाले.’ झालेले नसते. घसरणारा बेल्ट ठरावीक प्रमाणात घसरत नाही, ओढ वाढली की जास्त घसरतो. कॅसेट पुढे सरकते तशी देणाऱ्या चक्रीवरची टेप कमी होते. घर्षण तेवढेच, त्रिज्या लहान, म्हणून मागची ओढ वाढते. घेणारी चक्री भरत जाते, तिची त्रिज्या दुपटीहून जास्त होते, म्हणून पुढून मिळणारी मदत कमी होते. दोन्ही भार कॅपस्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या बारीक फिरत्या दांड्यावर, येतात. म्हणजे बाजू संपत आली की वेग सर्वांत कमी. प्रिसेट फिरवून सुरुवात सुरात आणली तर शेवटी काळी एकचे गाणे पांढरी एकवर उतरलेले ऐकू येईल. तो फरक सुमारे सहा टक्क्यांचा असतो आणि ज्याला कान आहे त्याला छळतो. शिवाय अशा मशीनवर रेकॉर्डिंग केले तर ते दुसरीकडे कुठेच नीट वाजत नाही.

पुढची गंमत आणखी वाईट. असे ‘दुरुस्त’ केलेले मशीन कोणी तरी उघडतो, चांगला नवा बेल्ट घालतो आणि ते पळत सुटते. ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावली तर मीटर ३४०० दाखवतो, म्हणजे जवळजवळ आठ टक्के जास्त. मोटर वाढवून ठेवली आहे हे त्याला माहीत नसते. तो बेल्टला दोष देतो आणि मुद्दाम सैल बेल्ट घालतो, की वेग उतरावा. उतरतो, पण आवाज लाटांसारखा डुलायला लागतो. मग हेड बदला, पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबणारे रबरी चाक) बदला, शेवटी मशीन भंगारात. दोष एका छिद्रातल्या स्क्रूचा.

आता तुमचे काम. प्लग काढा, सेलही काढा. मागचे स्क्रू काढून बॉडी उघडताना स्पीकर आणि सेलच्या कप्प्याच्या वायरी ताणू नका. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा फोटो आधी. साध्या मोनो मशीनमध्ये सहसा दोन बेल्ट असतात: मोटरकडून फ्लायव्हीलला (कॅपस्टनच्या जड चाकाला) जाणारा मुख्य आणि घेणाऱ्या चक्रीकडे जाणारा बारीक. काउंटर असेल तर तिसरा. वेग मुख्य बेल्ट ठरवतो. टेप पिंच रोलरभोवती गुंडाळली जाते ते मात्र बहुधा दुसऱ्यामुळे: कॅपस्टन टेप पुढे ढकलत राहतो आणि चक्री ती गोळा करत नाही. म्हणून बदलायचे तर सगळे एकदम बदला.

फ्लायव्हीलवरची पट्टी दोन-तीन स्क्रूंवर असते. ती काढून फ्लायव्हील सरळ वर ओढा. कॅपस्टनच्या दांड्यावर नायलॉनची पातळ वॉशर असते, तीच नेमकी हरवते. तिथल्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. कॅपस्टनच्या टेपला लागणाऱ्या भागावर मात्र तेलाचा अंशही नको.

काही बेल्ट नुसते सैल होतात, काही वितळून काकवीसारखे चिकट काळे होतात. तसे असेल तर हातमोजे घाला, कपड्यावर पडलेला डाग जात नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि लाकडी दातकोरणी. थिनर नको, प्लॅस्टिकची पुली विरघळेल. मोटरच्या पुलीवर घासायला सर्वांत जास्त वेळ द्या. ती मिनिटाला २४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४०. तिथे राहिलेला बारीक खडाही आवाज खरखरीत करतो.

माप जुन्या बेल्टवरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. न ताणणारा दोरा त्याच वाटेने पुलींवरून फिरवा आणि मोजा. समजा २३६ मिमी आला. पाच ते सात टक्के वजा केले की साधारण २२२. त्याला ३.१४ ने भागा, ७०.७ येते. म्हणजे ७० मिमी व्यासाचा बेल्ट. विकणारे कोणी व्यास सांगतात, कोणी घडी घातलेली लांबी, तेवढे विचारून घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, ऑनलाइन मिश्र पाकिटेही असतात. पाकिटातले चौकोनी बेल्ट काउंटरला आणि बारीक कामाला ठीक, मुख्य बेल्ट मात्र मापाचाच घ्या.

जाडीकडे कोणी बघत नाही आणि तिथेच चुकते. मोटरची पुली ८ मिमी आणि फ्लायव्हील ४५ मिमी धरा. चपटा बेल्ट ०.५ ऐवजी ०.७ मिमीचा घातला तर लहान पुलीचा बेल्टच्या जाडीसह धरलेला व्यास मोठीच्या मानाने जास्त वाढतो आणि वेग जवळजवळ दोन टक्के चढतो. आणि फार घट्ट बेल्ट म्हणजे चांगला बेल्ट नव्हे, त्याने मोटरचे बेअरिंग झिजते. रबर बँड तर नकोच. त्याची जाडी जागोजागी वेगळी असते, आणि बेल्ट सेकंदाला चार-पाच फेऱ्या मारतो, तेवढ्या वेळा आवाज हेलकावतो. जुना बेल्ट उकळून आकसवण्याचा सल्लाही मिळेल. आकसतो, आणि काही दिवसांत पुन्हा सैल होतो.

नवा बेल्ट बोटांचे तेल न लावता चिमट्याने बसवा, चपट्याला पीळ पडलेला नाही ना ते बघा. अर्धा तास कॅसेटशिवाय प्ले दाबून चालवा आणि मगच वेग मोजा. टेस्ट कॅसेट नसेल तर स्क्रूवाल्या जुन्या कॅसेटमधली काही तरी भरलेली टेप मोजून ४.७६ मीटर ठेवा आणि दोन्ही टोकांना कोऱ्या लीडरला (कॅसेटच्या टोकांची आवाज नसलेली पट्टी) जोडा. जोड स्प्लायसिंग टेपने द्या, साध्या चिकटपट्टीचा गोंद बाहेर येतो. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी, म्हणजे आवाज बरोबर १०० सेकंद आला पाहिजे. ९३ आले तर कोणी तरी आधीच प्रिसेटला हात लावला आहे असे समजा. आता, आणि आताच, मोटरच्या पाठीवरच्या छिद्रात बारीक प्लॅस्टिकचा पेचकस घाला आणि केसभर फिरवा. एक टक्क्याच्या आत आले की थांबा. काही मॉडेलमध्ये हा प्रिसेट बोर्डावर असतो.

दोन गोष्टी राहिल्या. पिंच रोलर कडक होऊन चकाकत असेल तर नव्या बेल्टनेही टेप घसरत राहील, तो बदलावा लागेल. आणि विजेवर चालणाऱ्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला २३० व्होल्ट असतात. वेग लावताना मशीन उघडे आणि चालू असते, म्हणून ते सेलवर चालवा, पण सेल नवे घाला. उतरलेल्या सेलवर लावलेला वेग खोटा असतो, आणि तुमच्या दुकानदाराने तो कशावर लावला असता हे विचारून बघा.