डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या टू-डू लिस्ट शेअरवेअरला (आधी वापरा, आवडलं तर पैसे द्या अशा प्रोग्रामला) लोक खरंच पैसे द्यायचे का? मी तसाच साधा प्रोग्राम लिहितोय, 30 दिवसांनी बंद पडेल असं लॉक घालू का?

द्यायचे. सगळे नाही, पण द्यायचे. आणि लॉकबद्दल आधीच सांगून टाकतो: घालू नका. या विषयावर आमच्या घरात गौरी-गणपतीला सगळे जमले की अजूनही आवाज चढतात, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक गैरसमज काढतो. शेअरवेअर म्हणजे कुणीतरी हौशी पोरानं फुकट वाटलेला माल, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. 1982 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमननं पीसी-टॉक आणि जिम नॉफनं पीसी-फाइल हे प्रोग्राम असेच सोडले: कॉपी करा, मित्राला द्या, उपयोग झाला तर पैसे पाठवा. नॉफनं सुरुवातीला मागितले ते फक्त 10 डॉलर. पुढे त्याच प्रोग्रामच्या जोरावर त्यानं आयबीएममधली नोकरी सोडली. मग आला बॉब वॉलेस. हा मायक्रोसॉफ्टच्या अगदी पहिल्या मोजक्या लोकांतला. तिथून बाहेर पडून 1983 मध्ये त्यानं पीसी-राइट हा वर्ड प्रोसेसर काढला. नोंदणीचे 75 डॉलर, आणि तुम्ही दिलेल्या कॉपीवरून पुढे कुणी नोंदणी केली तर त्यातले 25 तुम्हाला! कॉपी करणाऱ्याला चोर म्हणण्याऐवजी यानं त्याला एजंट करून टाकलं. तिघांनीही प्रोग्राम अख्खा दिला होता. लॉक नाही, मुदत नाही. 1987 मध्ये या मंडळींची संघटना झाली, तेव्हा तिचाही आग्रह हाच होता की हातपाय तोडलेला प्रोग्राम शेअरवेअर म्हणून वाटायचा नाही. हे मी आमच्या मेहुण्याला कितीदा सांगितलं असेल!

आता माझं. मी तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो. कुणाकडून तरी आलेल्या फ्लॉपीवर एक अमेरिकन टू-डू प्रोग्राम मिळाला. साधाच होता, पण सवय लागली. शेवटच्या स्क्रीनवर लिहिलेलं, आवडला तर 15 डॉलर पाठवा. मला पाठवायचे होते हो, खरंच. पण तो फेराचा, म्हणजे परकीय चलनाच्या कडक कायद्याचा काळ. 15 डॉलरचा ड्राफ्ट काढायला बँकेत गेलो तर साहेबांनी विचारलं, "वस्तू कुठे आहे?" म्हटलं, माझ्याकडेच आहे, बरेच दिवस वापरतोय. "मग पैसे कशाचे?" यावर मला उत्तर सुचलं नाही. आयातीचे कागद आणा म्हणाले. फ्लॉपीच्या कॉपीचे आयातीचे कागद कुठून आणणार! घरी येऊन टर्बो पास्कल 7 हे प्रोग्राम लिहायचं साधन उघडलं आणि स्वतःच लिहायला बसलो. नाव दिलं 'कामे'. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं, हे रोमनमध्ये चारच अक्षरांत बसलं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी तो दिसायचा कसा ते सांगतो. 80 रकाने, 25 ओळी. वरच्या ओळीत तारीख आणि वार, खालच्या ओळीत एफ2 नवीन, एफ4 झालं, एफ10 बाहेर. मधे नुसती कामांची यादी. ऑफिसांतून तेव्हा बहुतेक मोनो मॉनिटर, म्हणजे रंग नाहीतच. मग आजचं काम ठळक, उद्यानंतरचं साधं, थकलेलं काम उलट्या अक्षरांत, उजेडावर काळं. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला एक बरोबरची खूण यायची. ती खरं तर वर्गमुळाची खूण, 251 नंबरचं कॅरेक्टर, पण पाहणाऱ्याला टिकमार्कच वाटायची. सुरुवातीला थकलेली कामं लुकलुकतीसुद्धा ठेवली होती. आमच्या अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, "हे डोळे मिचकावणं बंद करा, मला बीपी आहे." केलं बंद.

मशीन चालू झालं की प्रोग्राम आपोआप यावा म्हणून ऑटोएक्झेक बॅच फाइलमध्ये त्याची ओळ टाकायची. त्यात एक गंमत होती. पीसीच्या सुरुवातीच्या पिढीतल्या जुन्या एक्सटी मशीनला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसायचं, त्यामुळे डॉस सुरू होताना तारीख विचारायचं. पण ऑटोएक्झेक असलं की ते विचारणं बंद! मशीन आपलं 1 जानेवारी 1980 धरून चालणार. आणि 1 जानेवारी 1980 ला कुणाचंच काम थकलेलं नसतं. म्हणून त्या बॅच फाइलमध्ये माझ्या प्रोग्रामच्या आधी डेटची कमांड टाकायला मी प्रत्येकाला सांगायचो. ही 1980 ची तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादीची फाइल. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक काम, आणि ओळीच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे 19940315 अशी. असं लिहिलं की डॉसच्या सॉर्ट कमांडनंसुद्धा यादी तारखेनुसार लागते. प्रोग्राम नसला तरी टाइप कमांडनं वाचता येते, आणि कॉपी करून पीआरएनला (डॉसमध्ये प्रिंटरचं नाव) पाठवली की डॉट मॅट्रिक्सवर छापून येते. 2006 मध्ये टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्या जिना ट्रपानी यांनी टूडू-टीएक्सटी नावानं टेक्स्ट फाइलचीच यादी लोकप्रिय केली तेव्हा मी घरात सगळ्यांना दाखवली. कुणालाही फारसं कौतुक वाटलं नाही.

पैसे मागायचो ते बाहेर पडताना. एफ10 दाबलं की रोमन अक्षरांत मराठी मजकूर यायचा: आवडला तर 75 रुपये मनीऑर्डरनं पाठवा, नाही आवडला तर का ते कार्डावर कळवा. खाली माझा पत्ता. कुठलीही की दाबली की मजकूर गायब.

आणि मनीऑर्डरी आल्या. पोस्टमन दारात उभं राहून नोटा मोजायचा, फॉर्मवर सही घ्यायचा आणि खालचं कुपन फाडून हातात द्यायचा. त्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असायची, आणि आमचे ग्राहक ती वाया घालवत नसत. बार्शीहून एकानं लिहिलं होतं, "प्रोग्राम चांगला. दर महिन्याचे काम दर महिन्यास परत लिहावे लागते. उपाय करावा." उपाय केला. टीडीएस भरायचा महिना संपल्यावर सात दिवसांत, पीएफ 15 तारखेपर्यंत, ही कामं एकदा लिहिली की पुढच्या महिन्यात आपोआप उगवायची. त्यानंतर सीए लोकांत तो प्रोग्राम पसरला. मी कुठंही जाहिरात केली नव्हती. एका ऑफिसातला आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारा पोरगा, दुसरीकडे जायचा आणि खिशात फ्लॉपी घेऊन जायचा.

इथे मेहुणा येतो. त्याचं तेव्हा कॉम्प्युटर असेंबल करून विकायचं दुकान होतं आणि नव्या मशीनवर तो माझा प्रोग्राम टाकून द्यायचा. त्याचं म्हणणं, "भावोजी, फुकट मिळतंय तर पैसे कोण देणार? 30 दिवसांनी बंद पाडा, झक मारत देतील." मी नाही म्हटलं. त्यानं दुकानातल्या एका पोराकडून एक छोटा प्रोग्राम लिहून घेतला. तो माझ्या प्रोग्रामच्या आधी चालायचा. पहिल्यांदा कधी चालवला आणि शेवटचा कधी चालवला, या दोन तारखा एका लपवलेल्या फाइलमध्ये ठेवायचा. 30 दिवस उलटले की बंद. आणि आजची तारीख शेवटच्या तारखेच्या मागची निघाली, तर कुणीतरी घड्याळ मागे फिरवून फसवतंय असं धरून, तेव्हाही बंद. पोरगं हुशार होतं, त्याला दोष नाही. मला मात्र यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं.

मार्च महिना. लक्ष्मी रोडवरच्या एका सीएच्या ऑफिसात मेहुण्यानं दिलेल्या मशीनची बॅटरी मेली. एटी, म्हणजे एक्सटीच्या पुढच्या पिढीतल्या, मशीनची बॅटरी गेली की सेटअपमधलं सगळं पुसलं जायचं, हार्ड डिस्क कुठल्या प्रकारची आहे हेसुद्धा मशीन विसरायचं. दुकानातला माणूस आला, डिस्कचा टाइप भरला, मशीन सुरू झालं, चहा पिऊन गेला. तारीख भरायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन म्हणतंय 1 जानेवारी 1980, आणि लॉक म्हणतंय मुदत संपली. अॅडव्हान्स टॅक्सच्या शेवटच्या हप्त्याची 15 तारीख तोंडावर, कुठल्या अशिलाचं चलन भरायचं राहिलंय ती यादी आत, आणि पडद्यावर दुकानाचा फोन नंबर!

त्या ऑफिसातल्या बाईंनी दुकानात फोन केला, कुणी उचलला नाही. मग शेवटच्या स्क्रीनवरचा माझा पत्ता कुणाच्या तरी वहीत होता, त्यावरून शोधत शोधत फोन कारखान्यात आला. मी म्हटलं, ताई, प्रिंटर चालू करा, कागद आहे ना बघा, आणि मी सांगतो ते एकेक अक्षर टाइप करा. कॉपी, स्पेस, कामे डॉट टीएक्सटी, स्पेस, पीआरएन. एंटर. फोनमध्ये मला प्रिंटरचा आवाज ऐकू आला. "आलं हो, सगळं आलं," म्हणाल्या. "तारखेसकट."

पुढच्या आठवड्यात त्या ऑफिसकडून सगळ्या मशीनच्या नोंदणीचा चेक आला. सोबत टाइप केलेलं पत्र: कृपया बिनलॉकची प्रत पाठवावी.

मेहुण्याचा अर्थ ऐका. "बघा भावोजी, लॉक लागलं म्हणून तर चेक आला!" इतकी वर्षं तो हेच म्हणतोय. अहो, पत्रात काय लिहिलंय? बिनलॉकची प्रत! माणसानं पैसे दिले ते लॉक काढण्यासाठी, असं तो म्हणतो. मी म्हणतो, पैसे दिले कारण अडचणीत यादी हातात मिळाली. लॉकवाल्यानं फोनसुद्धा उचलला नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगतो. वर्ड प्रोसेसरला लॉक घाला, गेमला घाला. 1993 मध्ये डूमवाल्यांनी पहिला भाग फुकट सोडून बाकीच्याचे पैसे घेतले, ते गेमला शोभतं, कारण पुढचा भाग त्यांनी बनवलेला असतो. टू-डू लिस्टमध्ये तुमचं काय असतं? चौकटी आणि चार कीज. यादी त्या माणसाची. तिला कुलूप लावणं म्हणजे पोळ्यावाल्या बाईंनी पगार थकला म्हणून तुमच्याच घरातली कणीक उचलून नेणं. हल्ली महिन्याला वर्गणी घेणारी काही अॅप्स नेमकं हेच करतात. वर्गणी थांबली की जुनी कामं बघायलासुद्धा मिळत नाहीत. मी असलं एकही अॅप फोनवर ठेवत नाही. मुलगी ठेवते, तो तिचा प्रश्न.

तर यादी टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, ती फाइल कुठे आहे हे पहिल्याच स्क्रीनवर सांगा, आणि यूपीआयचा क्यूआर बाहेर पडतानाच्या स्क्रीनवर लावा. आज मनीऑर्डरचा फॉर्म भरायला पोस्टात रांग लावायची नाही, हा तुमचा मोठा फायदा. फाइली आवळून लहान करणाऱ्या विनरारचे चाचणीचे 40 दिवस संपल्यावर काय होतं हे सगळ्या जगाला माहीत आहे: नुसती पैशांची आठवण येते, प्रोग्राम चालूच राहतो. आणि तो अजून विकला जातोय.

आता थोडं सांभाळून. माझं घर त्या 75 रुपयांवर चाललं नाही, नोकरी होती म्हणून हा बाणेदारपणा परवडला. फ्लॉप्या, रिबनी आणि पोस्टेज सुटलं, थोडं वर राहिलं. मेहुण्याचं दुकान होतं, भाडं होतं, त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे दिसायला हवे होते, हेही खरं. तुमचं पोट यावरच असेल तर माझा सल्ला तेवढा कमी धरा.

जुने प्रोग्राम चालवून बघायचे असतील तर 64-बिट विंडोजवर थेट चालणार नाहीत, डॉसबॉक्स घ्या, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. टर्बो पास्कल 7 मध्ये लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम सुरू होतानाच "रनटाइम एरर 200" देऊन पडतात. त्यांच्या सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या तयार भागात, मशीनचा वेग मोजायला एक भागाकार आहे, आणि मशीन फार वेगवान असलं की उत्तर 16 बिटांत मावत नाही. डॉसबॉक्समध्ये सायकल्स, म्हणजे नकली मशीनचा वेग, कमी करून बघा, चालेल.